रविवारची बोटं

डॉक्टरांनी हन्नाबाईंना डोळे मिटायला सांगितलं आणि कोणत्या बोटाला हात लावलाय ते ओळखा म्हणाले. बाईंनी ठोकून दिलं, "करंगळी." डोळे उघडले तर डॉक्टरांच्या चिमटीत अंगठा होता.

एमआरआय स्वच्छ, रक्त स्वच्छ. तरी हातातून कप निसटत होते, ब्लाउजचे हूक लागत नव्हते. आजाराला नाव मिळेना, आणि बिननावाच्या आजाराला सहानुभूतीही फार दिवस मिळत नाही, हे बाईंना कळून चुकलं होतं. शेजारची स्टेला आता जिन्यात "बरंय ना?" विचारायची आणि उत्तराआधीच खाली उतरायची. कॅनडातला मुलगा म्हणायचा, रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग झालं तर. गेल्या वर्षी चर्चमधल्या डॅनीने बाईंनी वाजवलेली सगळी गीतं रेकॉर्ड करून त्याला पाठवली होती. ती ऐकल्याचं तो कधी बोलला नाही. संध्याकाळी बाई आपलाच उजवा हात डाव्या हातात घेऊन बसत. दुसऱ्या कुणाचा धरल्यासारखा वाटे. अशा वेळी त्यांना फार एकटं वाटायचं.

"पण डॉक्टर, रविवारी असं होत नाही," त्या म्हणाल्या. "चर्चमध्ये मी कीबोर्ड वाजवते. बोटांना काही कळत नाही, पण एक सूर चुकत नाही. लोक मुद्दाम येऊन सांगतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते पाठीतलं पाणी काढून तपासणार होते, पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडेही पाठवणार होते. आता म्हणाले, "नसेला वार कळत नाहीत, बाई. नस बिघडली असती तर रविवारीही बिघडलेलीच राहिली असती. हा मनाचा ताण दिसतोय. त्या तपासण्या राहू द्या. सहा महिने वाट पाहू."

मनाचं म्हटल्यावर बाईंना जरा लागलं. पण घरी आल्या त्या हलक्या होऊनच. काही नाही तरी रविवार त्यांच्या बाजूने होता.

चर्चमधला साउंड ईस्टरपासून डॅनी बघत होता. नागापूर एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये काम करणारा, दोन लेकरांचा बाप, एकेकाळी बाईंच्या वर्गातला. त्याने आणलेल्या नव्या स्पीकरची नाटकं फार. डॅनीने मान हलवली की मगच बाईंनी सुरू करायचं. कोणती गीतं ते शुक्रवारीच त्याला कळवायचं, ऐनवेळी बदल नाही. बाईंना ही शिस्त आवडली होती. शाळेत हाच पठ्ठ्या रोज वही विसरायचा.

त्या रविवारी उपासनेआधी बाईंनी त्याला डॉक्टरांचं म्हणणं हौसेने सांगितलं. डॅनी वायर गुंडाळता गुंडाळता थांबला.

"तपासण्या रद्द? वाजवण्यावरून?"

"अरे, मग चांगलंच झालं की."

डॅनीने वायर खाली ठेवली. "बाई, उपासना सुटल्यावर जाऊ नका. बोलायचंय तुमच्याशी."

एवढ्यात पाळक आले. मंडळी उभी राहिली. डॅनीने मान हलवली, जरा उशिरानेच, आणि बाईंनी सुरू केलं. स्पीकरमधून सूर घुमला आणि बाईंचं मन भरून आलं. आपण अजून आहोत, असं त्यांना वाटलं.

तिसऱ्या कडव्याला गीतांचं पुस्तक स्टँडवरून घसरलं. बाईंनी दोन्ही हातांनी धरायला पाहिलं. ते बोटांतून निसटून खाली पडलं. त्या वाकल्या, पण पुस्तक काही हाताला लागेना.

वर मंडळी गात होती. कीबोर्डही वाजत होता. आणि शेवटच्या कडव्याआधी बाई नेहमी घ्यायच्या ती छोटीशी हरकत स्पीकरमधून आली, अगदी वेळेवर.