दुपारची रेघ

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सहा रेघा होत्या. पाच रेघा बाराच्या सुमाराला धपकन खाली यायच्या आणि अडीचनंतर पुन्हा वर चढायच्या. सहावी, हिरवी रेघ मात्र दिवसभर सरळ चालली होती.

"ही कोणाची?" आल्दोने विचारलं. कचेरी त्याची होती आणि उत्तर त्याला ठाऊक होतं.

"एलिहिओकाकांची," लिस म्हणाली. बाकीचे इमारतींचे नकाशे काढत. लिसचं काम होतं नकाशे काढणाऱ्यांना मोजणं. कोण किती वेळ काम करतो, किती रेषा ओढतो, सगळं संगणकातून तिच्याकडे आपोआप जमा व्हायचं.

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. खिडकीपाशी बसलेल्या एलिहिओने तेरेरेच्या गार चहाचा घोट संपवला आणि तो थंड पेला शेजारच्या देर्लिसकडे सरकवला.

"बघा पोरांनो," आल्दो म्हणाला. "साठीला टेकलेला माणूस, आणि काम तुमच्याहून जास्त. फेब्रुवारीपर्यंत काकांची रेघसुद्धा दुपारी खड्ड्यात जायची. मार्चपासून खड्डा बुजला! काय केलंत काका? सांगा की यांना."

"काही नाही. दुपारी घरी जात नाही."

"ऐकलंत? एवढंच!" आल्दोने टाळी वाजवली. "सोमवारपासून सगळ्यांनी डबा आणायचा. अर्ध्या तासात जेवण, की परत कामाला. हॉस्पिटलचे नकाशे वेळेत गेले पाहिजेत."

"अहो, असुन्सिओनच्या उन्हात दुपारी कुत्रीसुद्धा झोपतात," देर्लिस म्हणाला. दोघेतिघे हसले.

"कुत्र्यांना एसी नसतो. आणि काकांना जमतं ते तुला जमत नाही? तुझ्या दुप्पट वयाचे आहेत ते."

देर्लिसची मुलगी दीड महिन्याची होती. संध्याकाळी तो पोचायचा तेव्हा ती झोपलेली असायची. दुपारीच काय ती त्याच्याकडे डोळे उघडून बघायची. हे तो बोलला नाही. एकदा एलिहिओकडे बघितलं, आणि रिकामा पेला हातात फिरवत बसला.

एलिहिओने घसा खाकरला.

"आल्दो, माझी रेघ धरू नका."

"का? आकडे चुकलेत?"

"आकडे बरोबर आहेत," तो म्हणाला. "निमिआ गेली. मार्चमध्ये."

कोणीतरी छातीवर क्रूस काढला. "अरे देवा! काका, काकू गेल्या आणि आम्हाला साधं कळवलं नाहीत? मातीला आलो असतो…"

"तशी नाही गेली. धडधाकट आहे. पोसादासला बहिणीकडे राहते. परत येणार नाही म्हणाली." त्याने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "बहिणीला बरं नसतं म्हणून ती तिकडे गेलीय, असं मी तुम्हाला सांगत आलो. बहीण ठणठणीत आहे."

लिसने मान खाली घातली.

"दुपारी घरी जाऊन करू काय? म्हणून इथे बसतो. कालचा जिना मी चार वेळा काढला. पहिलाच बरा होता."

आल्दो वाईट माणूस नव्हता. तो पडद्याकडे बघत उभा राहिला, मग त्याने मानेवरून हात फिरवला.

"ठीक आहे. सोमवारचं राहू दे," तो म्हणाला. "लिस, काकांना यातून काढ. बाकीच्यांची सरासरी नव्याने लाव."

लिस जागची हलली नाही. "काढू का, काका?"

"काढ, बाळा."

तिने कळ दाबली. हिरवी रेघ गेली. उरलेल्या पाचही रेघा जराशा हलल्या, एकमेकींच्या जवळ सरकल्या, आणि बाराला सगळ्या मिळून खाली उतरल्या.

जेवायची वेळ झाली तेव्हा खुर्च्या नेहमीपेक्षा हळू सरकल्या. एकमेकांची थट्टा न करता माणसं बाहेर पडली. देर्लिस तेवढा हेल्मेट घेऊन दारात घुटमळला.

"काका, चला ना आमच्याकडे. सासूने मक्याच्या गोळ्यांचा बोरी-बोरी रस्सा केलाय."

"मी येणार हे घरी सांगितलंयस?"

"नाही. पण पुरेल हो."

"मुलगी जागी असेल आता. जा तू. मी येईन कधीतरी."

"नक्की?"

"अरे, जा म्हटलं ना."

देर्लिस गेला. पहिल्या काही पायऱ्या तो सावकाश उतरला. मग त्याची पावलं दोन-दोन पायऱ्या टाकत खाली गेल्याचं ऐकू आलं.

शेवटी आल्दो निघाला. किल्ल्या खिशात टाकता टाकता, जुन्या सवयीने त्याचा हात दाराजवळच्या एसीच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. एलिहिओ आपल्या खुर्चीत बसला होता. त्याने संगणकाला अजून हात लावला नव्हता.

"चालूच ठेवू ना?" आल्दोने विचारलं.

"राहू दे."

आल्दो क्षणभर बटणाकडे बघत राहिला.

"अठ्ठावीसवर ठेवतो," तो म्हणाला. "एकट्याला पुरेल."

आणि आवाज होणार नाही अशा बेताने त्याने दार ओढून घेतलं.