आनंदाबाईंचा निरोप

"सर, बस इथंच थांबवा," मेघा म्हणाली. "माझं घर आहे इथं."

नीरज सरांनी वळून पाहिलं. मेघा या आंजी गावची आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. नागपुरात आंतरराष्ट्रीय पर्यटनाच्या वर्गात कुणाचे काका दुबईला होते, कुणाची बहीण सिंगापूरला. तिथं मेघा आपली 'वर्ध्याची' एवढंच सांगून मोकळी व्हायची.

पण आता इलाज नव्हता. थायलंडहून आलेल्या उपासकांना वर्ध्याचा शांतिस्तूप दाखवून बस आर्वीमार्गे अमरावतीला निघाली होती. शेवटच्या वर्षाची ही मेघाची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि गुण द्यायला सर सोबत होते. गटातल्या सगळ्यांत वयस्कर सोमजाई आजी दोनदा ओकून सीटवर निपचित पडल्या होत्या. त्यांना डॉक्टर नको होता. थोडं आडवं पडायचं होतं, असं गटाची थाई दुभाषी मुलगी इंग्रजीत सांगत होती.

आजींना हाताला धरून मेघा अंगणात आली. अंगणभर मेथी पसरलेली. आई, आनंदाबाई, उद्याच्या बाजारासाठी जुड्या बांधत बसलेली. आणि मायलेकींचं धड बोलणं पंधरवड्यापासून बंद.

कारण बँकॉकचं होतं. तिथल्या विद्यापीठात एक सत्र शिकायला मेघाची निवड झाली होती. बाबा म्हणाले, "तुया मायले विचार." आई म्हणाली, "नागपूर ठीक हाये. शनिवारी घरी येतं तू. तिथून कोनत्या गाडीनं येशीन?" मेघानं समजावून पाहिलं. चिडून पाहिलं. रडूनही पाहिलं. शेवटी तिनं विषय काढला की आई उठायची आणि गाईला पाणी दाखवायला जायची. गाय बिचारी शनिवार-रविवारी सात-सात वेळा पाणी पिऊ लागली होती.

आता मात्र आनंदाबाईंनी काही विचारलं नाही. हातातली जुडी तशीच टाकून त्या उठल्या. "आन इकडं," म्हणाल्या. आजींना खाटेवर निजवलं. पंखा लावला. लिंबू पिळून साखर-मिठाचं पाणी केलं आणि चमच्याचमच्यानं पाजलं. मग पदर ओला करून त्यांचं कपाळ पुसत उशाशी बसल्या.

दुभाषी मुलगी बाकीच्यांना सांभाळायला बसपाशी परत गेली होती. आजी काहीतरी पुटपुटल्या. मेघानं मोबाइल पुढं धरला, पण घरात रेंज नव्हती. तिनं इंग्रजीत विचारलं, पाठ केलेले चार थाई शब्द वापरून पाहिले. आजी नुसत्या बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"काय म्हणून राह्यली वं ते?" आईनं विचारलं.

"कळत नाही, आई."

आजींची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथं बाबासाहेबांच्या शेजारी बुद्धाची तसबीर होती. आजींनी पडल्यापडल्याच हात जोडले आणि बारीक आवाजात सुरू केलं, "पुत्थांग सरनांग खच्छामी..."

आनंदाबाईंचा हात कपाळावरच थांबला. त्यांनी मान कलती केली. पुढची ओळ आली, त्याच्या पुढची आली. आजी दुसऱ्या फेरीच्या 'दुतियम्पि'ला पोचल्या तसा आनंदाबाईंनी डोईवर पदर घेतला, हात जोडले आणि आपल्या चालीत धरलं, "दुतियम्पि बुद्धं सरणं गच्छामि..."

आजींनी चमकून पाहिलं. मग दोघी मिळून म्हणू लागल्या. चाल एकीची सरळ, एकीची लांबवलेली. शब्द एकमेकींना अडखळत होते, पण ओळ चुकत नव्हती. तिसऱ्या फेरीला मेघाही दारात उभी राहून म्हणू लागली. संपलं तेव्हा आजी उठून बसल्या. त्यांच्या गालांवर रंग आला होता. त्यांनी आनंदाबाईंच्या हातावर हात ठेवला आणि थाई भाषेत पुष्कळ काही सांगितलं. आनंदाबाईंनी ते मान डोलवत ऐकून घेतलं. मग त्याही बोलल्या, मेथीला भाव नाही, गाय गाभण आहे, गुडघे दुखतात. आजींनीही तशीच मान डोलवली आणि आपले गुडघे दाबून दाखवले. दोघी हसल्या.

तेवढ्यात सर आणि ती दुभाषी मुलगी आत आले. बाकीची मंडळी बसमध्ये खोळंबली होती. आजी निघाल्या. दारात त्यांनी वाकून नमस्कार केला. आनंदाबाईंनी त्यांचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले, ते सोडलेच नाहीत.

"मेघा, हिले सांग," त्या म्हणाल्या, "जूनमधी माही पोरगी तुमच्या देशाले येऊन राह्यली. दिवाळीपर्यंत राहीन. अभ्यासाले बसली का जेवाचं भान राह्यत नाई तिले. तेवढं पाहजा म्हणा."

मेघा आईकडे पाहतच राहिली. जून, दिवाळी. म्हणजे आईनं गाईपाशी उभं राहून सगळं ऐकलं होतं.

दुभाषी मुलगी थांबली होती. सर थांबले होते. आजी एकदा आईच्या आणि एकदा मेघाच्या तोंडाकडे बघत होत्या. मेघा अजून आईकडेच बघत होती.

"माह्याकडं काय पाह्यतं?" आनंदाबाई म्हणाल्या. "सांग ना तिले. तूच तं शिकून राह्यली हे."