भंगारातला रॉड

मिस्त्रीणबाईंनी गाडीचं पुढचं सस्पेन्शन नवंकोरं बसवलं, तरी स्टिअरिंग ढिलं ते ढिलंच.

"हलव रे," म्हणत धाकट्या भावाला आत बसवून त्या गाडीखाली शिरल्या. एकेक सांधा चाचपला. सगळे घट्ट. पण भावाने स्टिअरिंग हलवलं की खडखड व्हायची ती भिंतीजवळच्या भंगाराच्या डब्यात. याच गाडीचा काढून टाकलेला स्टिअरिंगचा जुना रॉड तिथे पडल्या पडल्या डावी-उजवीकडे वळत होता.

भावाचा चेहरा उतरला. "ताई, गाडी गिऱ्हाइकाला परत देऊन टाक."

"का म्हणून? वीस वर्षं लोखंड वाकवलंय मी. ते मला वाकवणार होय?" त्यांनी रॉड उचलला आणि टेबलावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात करकचून आवळला. "जा, चक्कर मारून ये. फोन चालू ठेव."

पाचच मिनिटांत स्पीकरवर भावाचं हसू ऐकू आलं. "ताई, एकदम घट्ट झालंय स्टिअरिंग!"

"जिरवली की नाही त्याची?"

"जिरवलीस! आता पुलावर आलोय. रस्ता सरळ आहे."

व्हाइस करकरला. आवळलेला रॉड सावकाश डावीकडे वळू लागला.

बाईंनी तो दोन्ही मुठींत धरला, टेबलाला पाय रोवला आणि दातओठ खात म्हणाल्या, "सरळ म्हणजे सरळ, मेल्या!"