शांतम्मानं सांगितलेला पिक्चर

“आता बोलंल बघ ती,” दानम्मा म्हणाली आणि खुर्चीत ताठ बसली.

पडद्यावर कोर्ट होतं. उंच खिडकीतून उन्हाचे पट्टे उतरत होते. हिरो वकील, काळा कोट खांद्यावर टाकून, ओठांच्या कोपऱ्यात हसू धरून उभा. समोर पिंजऱ्यात पांढऱ्या साडीतली हिरॉईन, डोळ्यांवर काळा चष्मा. तिच्यावर नवऱ्याच्या खुनाचा आळ. अगदी शांतम्मानं सांगितलं होतं तसंच सगळं.

हा पिक्चर नवा होता त्या काळी दानम्मा आणि शांतम्मा एकाच गल्लीत विड्या वळायच्या. दुपारी बायका मांडीवर सूप घेऊन ओळीनं बसत. पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. हात चालू आणि कान शांतम्माकडं. गल्लीच्या वतीनं पिक्चर बघायचा शांतम्मानं, आणि येऊन सांगायचाही तिनंच. वकील झाली की तिचा आवाज जाड व्हायचा, हिरॉईन झाली की पदर डोळ्याला लागायचा. दानम्माला तर पिक्चरचं नाव काढायचीही सोय नव्हती. ती भावाच्या घरात राहत होती.

तिचं स्वतःचंच कोर्ट चालू होतं. नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलं होतं, आणि वर लहानगी पोर मागत होता. काय काय सोसलं ते दानम्मानं जज्जांपुढं तोंडानं सांगायचं, एवढंच होतं. दोन तारखा झाल्या. दोन्ही वेळा ती पिंजऱ्यात उभी राहून पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. घरंदाज बाईनं कोर्टात तोंड उघडायचं नसतं, असं भाऊ म्हणायचा. वकिलानं बजावलं, पुढच्या वेळी गप्प राहिलात तर पोर गेली.

त्याच आठवड्यात शांतम्मानं हा पिक्चर सांगितला.

“वकील विचारतोय, विचारतोय, बाई गप. मग सावकाश चष्मा काढती. डाव्या भुवईवर ही एवढी खूण! आन् म्हणती कशी, साहेब, खाली बघून सांगायला मी काय चोरी केलीया? आधी माज्या तोंडाकडं बघा, मग विचारा.”

विड्या वळणारे सगळे हात थांबले होते.

पुढच्या तारखेला दानम्मानं पदर मागं सारला आणि तेच वाक्य, जसंच्या तसं, जज्जांना ऐकवलं. मग पुढचं सगळं आपसूक बाहेर आलं. पोर तिच्याकडं राहिली. त्या पोरीची पोर उत्कर्षा आज तिच्या शेजारी बसली होती.

तेव्हापासून दानम्माला एकच हौस. ते वाक्य त्या बाईच्या तोंडून ऐकायचं. पण पिक्चर लागलेलं ते थेटर बंद पडलं, टीव्हीवर पिक्चर लागला तेव्हा नेमकी लाईट गेली. आता जुने पिक्चर लख्ख करून पुन्हा लावतात म्हणे. उत्कर्षानं तीन तिकिटं काढली. शांतम्मा मात्र हलायला तयार नव्हती. “मी बघितलाय की. माजे गुडघे दुखत्यात.” शेंगाच्या पोळीचं आमिष दाखवलं तेव्हा कुठं रिक्षात चढली.

पडद्यावर हिरॉईननं चष्मा काढला. दानम्माचे ओठ आधीच हलू लागले.

चेहरा निर्मळ होता. भुवईवर साधा ओरखडा नव्हता. उन्हाचा एक पट्टा तिच्या डोळ्यांवर आला, पापणीवर पाणी थांबलं, ओठ थरथरले आणि मिटले. हिरो जज्जांकडं वळला आणि तोच बोलत राहिला. बाई सुटली. दिवे लागले.

“बोललीच न्हाय की गं ती!”

“अज्जी, ती अख्ख्या कोर्टात एक शब्द बोलत नाही. तीच तर कमाल आहे! नुसत्या डोळ्यांनी काम केलंय. लोक अजून नाव काढतात.”

“कापलं असंल.”

“काही कापलेलं नाही. अख्खा पिक्चर दाखवलाय.”

दानम्माचा हात डाव्या भुवईवर गेला. तिथला जुना व्रण अजून बोटाला लागायचा. बोट तिथंच ठेवून ती दुसऱ्या बाजूला वळली. शांतम्मा मान खाली घालून मांडीवरचे पोळीचे कण वेचत होती.

“शांते, तू हा पिक्चर बघितलावतास न्हवं?”

“पोस्टर बघितलं व्हतं,” शांतम्मा म्हणाली. “पिक्चरला जाते म्हणून घरातनं निगाले खरी, पर त्या दिवशी तुजी दुसरी तारीख व्हती. कोर्टात मागच्या बाकावर बसलेवते की मी. तू मान वर केलीस कुटं, दिसायला?”