तापीतले घोरणारे मासे

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मी दवाखान्याच्या गोळ्या तापीत फेकल्या आणि आठवडाभर मासेच घोरत होते!" सुकलाल आप्पांनी सांगताच भेस्तानच्या आधारगटात हशा पिकला. मनाच्या दवाखान्यातून घरी आलेल्यांना धीर देणं हे आप्पांचं काम, कारण तेही एकेकाळी तिथूनच आलेले. थाप मारल्याशिवाय मात्र त्यांना धीर देता येत नसे. नवी आलेली योगिता हसली नाही. "आप्पा, मागच्या रविवारी तुमचं हेच ऐकून मीही गोळ्या सोडल्या. चार दिवस झोप नाही. कानातले आवाज परत आलेत." आप्पांचा चेहरा उतरला. खिशातल्या गोळ्यांच्या पाकिटावर हात गेला. खरं सांगायला तोंड उघडलं, पण लाजेपायी भलतंच निघालं. "होतं असं सुरुवातीला. मलाही झालेलं." "खोटं!" चहा गाळणाऱ्या मालतीबाई कडाडल्या. "आत्ताच माझ्याकडून पाणी मागून गोळी घेतलीत. दाखवा तिला पाकीट!"