पसरलेले हात

आबिड्स भागातल्या चित्रप्रदर्शनात श्रीपतींनी रंगवलेल्या चित्रापुढे गर्दी होती. चित्र लहान मुलानं काढल्यासारखं साधं: दारात हात पसरून माणूस उभा, पायरीशी बाळ कडेवर घेतलेली बाई. "पसरलेले हात हे स्वागताचं प्रतीक. बाप लेकीला कवेत घेतोय," समीक्षक समजावत होते. श्रीपती खाली मान घालून ऐकत राहिले. मागे उभ्या त्यांच्या लेकीच्या, गीताच्या अंगाची लाही लाही झाली. "अण्णा, ती बाई मी आहे. खरं सांगा यांना." "अडवत होतो तिला," श्रीपती म्हणाले. "मार खाऊन आली होती. नवऱ्याकडं परत जा, म्हणालो." गीताचा राग तसूभरही ओसरला नाही. "चित्र काढून जगाला दाखवलंत. याच शहरात, नल्लकुंट्याला माझ्या खोलीवर सात वर्षांत एकदाही का आला नाहीत?" "तू आत घेतलं नसतंस." "नसतंच घेतलं," गीता म्हणाली. "तरी यायचं होतं."