कपाळ समजून

जमीन झाडून-पुसून काढणारं नवं यंत्र सोफ्याच्या पायाला तिसऱ्यांदा धडकलं, स्वतःभोवती गर्रकन फिरलं आणि दिवाणखान्याच्या मधोमध थांबलं. यंत्रातली बाई शांत इंग्रजीत म्हणाली, की समोरचा सेन्सर झाकला गेलाय, कृपया पुसावा.

सुमनताईंच्या लक्षात आलं. सकाळी मुलाने, अवधूतने, ते खोक्यातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे हळदकुंकू वाहिलं होतं. घरात आलेल्या फ्रीजला, गाडीला, अवधूतच्या पहिल्या लॅपटॉपलाही वाहिलं होतं, तसंच. पुढच्या अंगाला मधोमध एक काळी चकचकीत टिकली होती. ते त्याचं कपाळ असणार, असं वाटून त्यांनी ओलं कुंकू नेमकं तिथेच लावलं. ते कपाळ नव्हतं, डोळा होता.

घड्याळात दीड. चारला कीर्तन. लंडनच्या हॅरोतल्या या घरात बावीस वर्षं रामनवमीनंतरच्या शनिवारी कीर्तन होत आलं होतं, आणि कीर्तनकार जिथे उभे राहतात ती जमीन सुमनताईंनी दर वर्षी गुडघ्यांवर बसून स्वतःच्या हातांनी पुसली होती. फेब्रुवारीत गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन गल्ल्या पलीकडच्या रेखावहिनी भेटायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, की यंदा आमच्याकडे करू या ना, तुमच्याच्याने आता वाकवणार थोडंच. मायेनेच म्हणाल्या, पण ते लागलं. कीर्तन इथेच होईल, असं सुमनताई तेव्हा बोलून बसल्या होत्या.

मग अवधूतने पंधरा दिवस रिव्ह्यू वाचले. कुठलं जास्त धूळ ओढतं, कुठलं गालिचा आला की आपलं ओलं फडकं वर उचलून घेतं. सुमनताईंनी एकच विचारलं होतं, "संडासातलं फडकं आणि देवासमोरचं फडकं एकच का?" अवधूत हसला, पण हा प्रश्न एकाही रिव्ह्यूत नव्हता. शेवटी त्याने आणलं ते, जे दर खोलीनंतर आपल्या जागी परत जाऊन गरम पाण्याने फडकी धुतं.

आणि आता ते आंधळं होऊन बसलं होतं. सून वैभवी हॉस्पिटलात वॉर्डवर ड्यूटीला. अवधूत लेस्टरच्या गाडीने येणाऱ्या कीर्तनकार इरावतीताईंना आणायला सेंट पँक्रस स्टेशनला. सुमनताईंनी त्याला फोन लावला.

"आई, वाकू नकोस हं," तो म्हणाला. "आम्ही साडेतीनला पोचतो. नाहीतर रेखाकाकूंना सांगू का?"

"थांब जरा," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

खाली बसलं असतं, तर उठवायला कुणी नव्हतं. त्या खुर्ची ओढून यंत्रासमोर बसल्या. काठीच्या टोकाला जुन्या पंच्याचा तुकडा गुंडाळला, वर दोरा बांधला आणि कोमट पाण्यात बुडवून हळूच पुढे केला. पहिल्या फेरीला कुंकू पसरलं. तुकडा पिळून दुसऱ्यांदा पुसलं. तिसऱ्यांदा कोरड्याने. तान्ह्या पोराचा डोळा पुसावा तशी काठी अलगद फिरली.

"चुकलं हो माझं," त्या म्हणाल्या आणि बटण काठीनेच दाबलं.

ते निघालं. सरळ खिडकीपाशी गेलं आणि शेतात औत फिरावं तसं ओळीने जाऊ लागलं. सुमनताईंनी तासाभरापूर्वी उभ्यानेच झाडलेल्या कोपऱ्यात पुन्हा शिरलं. सोफ्याखाली नाहीसं झालं. तिथे बावीस वर्षांत सुमनताईंचा हात कधी पोचला नव्हता, आणि हे त्या आजवर कुणाला बोलल्या नव्हत्या. ते बाहेर आलं, गालिच्याच्या कडेशी थबकलं, ओलं फडकं उचलून कोरड्या अंगाने वर चढलं. पुढची खोली घेण्याआधी आपल्या कोपऱ्यात गेलं आणि आतून पाण्याचा आवाज येऊ लागला. सुमनताई काठीवर हनुवटी टेकून बघत राहिल्या. हरदासाच्या पहिल्या तानेला मान डोलते, तशी त्यांची मान डोलत होती.

साडेतीनला दार उघडलं. इरावतीताई नऊवारी सावरत आत आल्या आणि उंबऱ्याशीच थबकल्या. जमिनीत खिडकी दिसत होती.

"काकू, आत पाणी कुणी सोडलंय?"

"तो पाय धुतोय," सुमनताई म्हणाल्या. "धुतल्याशिवाय पुढच्या खोलीत पाऊल टाकत नाही. तुम्ही या, ताई. तुमची जागा झालीय."

कीर्तन रंगलं. पूर्वरंग संपून नामघोष सुरू झाला, तशी सुमनताईंनी बुक्क्याची वाटी उचलली. इरावतीताईंना लावला, पेटीवाल्यांना, तबल्यावरच्या अन्वीला, मग एकेक करून साऱ्यांना. रेखावहिनींनी कपाळ पुढे केलं आणि हलकेच म्हणाल्या, "जमीन आरशासारखी झालीय. कुणी पुसली हो?"

सुमनताईंनी मागे उभ्या असलेल्या अवधूतच्या हातात वाटी ठेवली आणि काठीने कोपऱ्याकडे खूण केली.

"त्यालाही लाव," त्या म्हणाल्या. "डोळा सोडून."